लिंबू, लिंब आणि लिंबूटिंबू

मी घरी बसून लेबलांची भाषांतरं करते. साबण, मसाले, उवांचं औषध, डास पळवायची वडी. ‘डोळ्यांत गेल्यास भरपूर पाण्याने धुवा’ हे वाक्य मी इतक्या वेळा लिहिलंय की आता ते मला झोपेतही येतं. गेल्या महिन्यात भांडी घासायच्या वडीचं लेबल आलं. इंग्रजीत लेमन होतं, मी लिंबू लिहिलं, पाठवून दिलं आणि कुकर लावला.

दुसऱ्या दिवशी एजन्सीतल्या मुलीचा फोन. “मॅडम, क्लायंट म्हणतोय लिंबू नको, लेमनच ठेवा. लिंबू म्हटलं की कसं लिंबू-मिरची आठवते. आणि चित्रातलं फळ लिंबू वाटतच नाहीये हो.”

चित्र उघडून बघितलं. बाई खरं बोलत होती. पिवळंधमक, लांबट, जाड सालीचं, टोकाला बोंड आलेलं फळ. श्रीगोंदा तालुक्यात आमची साठ झाडांची लिंबूबाग आहे. दहावी होईपर्यंत मी कोपरापर्यंत ओरखडे मिरवत शाळेत गेलेय. त्या बागेत असलं फळ एकदाही लागलं नाही. वडिलांना, म्हणजे अण्णांना, व्हॉट्सॲपवर फोटो धाडला. अण्णा ऐंशीला टेकलेत, टाइप करायच्या भानगडीत पडत नाहीत, बोलून पाठवतात. उत्तर आलं, “ईडलिंबू दिसतंय. लोणच्याला बरं. कुणी दिलं?”

तर मुद्दा असा की आपण ज्याला लिंबू म्हणतो, ते कागदी लिंबू. साल कागदासारखी पातळ, म्हणून कागदी. इंग्रजीत ते लेमन नाहीच, ते लाइम. आणि त्यांचं लेमन ते अण्णांच्या हिशेबी ईडलिंबू. शाळेत आपल्याला ‘लेमन म्हणजे लिंबू’ असं घोकून घेतलं आणि आपणही विचारलं नाही. त्यातही गंमत बघा, त्यांच्या रंगांच्या यादीत लाइम हिरवा असतो, आणि आपलं लिंबू झाडावर पुरतं पिकलं की पिवळं होतं. आपल्याकडे लिंबू कलरची साडी म्हटलं की दुकानदार डोळे मिटून फिकट पिवळी काढतो. हिरवट हवी असेल तर पोपटी म्हणावं लागतं.

या नावांच्या घोळापायी साहेबाने मारही खाल्लाय. 1747 मध्ये जेम्स लिंड नावाच्या जहाजावरच्या डॉक्टरने स्कर्व्ही रोगाने हिरड्या सडलेल्या बारा खलाशांवर वेगवेगळे उपाय करून पाहिले. कुणाला व्हिनेगर, कुणाला समुद्राचं पाणी, आणि दोघांना रोज दोन संत्री नि एक लेमन. ते दोघे उठून कामाला लागले. पुढे 1795 पासून इंग्रजांच्या आरमारात लेमनचा रस सगळ्यांना मिळायला लागला आणि तो रोग जवळपास गेला. मग 1860 च्या सुमारास त्यांनी लेमनऐवजी वेस्ट इंडिजमधल्या आपल्याच मळ्यांतलं लाइम घ्यायला सुरुवात केली. लेमन काय नि लाइम काय, तेव्हा बोलण्यात दोन्ही एकच! पण त्या रसात क जीवनसत्त्व बरंच कमी, आणि 1875 साली उत्तर ध्रुवाकडे निघालेल्या त्यांच्या मोहिमेत रोग पुन्हा उपटला. हे मी अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, “मग ईडलिंबूच खायचं की.”

पण साहेबाला कशाला हसायचं? आमच्या घरात जे झालं ते ऐका.

मुलगी सहा वर्षांची असताना तिला कांजिण्या आल्या. मी तिच्याजवळ बसून होते. आईचा फोन नवऱ्याने घेतला. आईने सांगितलं, “लिंबाचा पाला आणा, गादीवर पसरा, थोडा अंघोळीच्या पाण्यात उकळा. मी उद्या निघतेच.” नवरा डोंबिवलीत वाढलेला, पण सासूच्या शब्दाला जागणारा माणूस. आमच्या सोसायटीत वॉचमनच्या खोलीमागे लिंबूचं झाड आहे. हा गेला आणि कवेत मावेल एवढा पाला घेऊन आला. हातांवर रक्त, शर्टाच्या बाहीला उसवण. वर म्हणतो, “किती काटे असतात गं याला, पोरीला टोचणार नाहीत का?” मी दोन रात्री जागलेली, माझं डोकं कुठे ठिकाणावर? मी म्हटलं, “काटे मोडून टाक.” तो तासभर कात्री घेऊन काटे छाटत बसला. मग गादीवर पाला, त्यावर जुनी सुती साडी, त्यावर पोर. खोलीत असा काही वास सुटला की पोर म्हणाली, “आई, सरबत कर ना.”

दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीने आई आली. दारातच तिने नाक वर केलं, आत येऊन साडीचं टोक उचललं आणि पदर तोंडाला लावून भिंतीकडे वळली. खांदे हलत होते. बऱ्याच वेळाने म्हणाली, “जावईबापू, हा लिंबूचा पाला. मी लिंबाचा म्हणाले होते.”

नवरा गणिताचा माणूस, तो असा सोडतो होय? “अहो आई, पण लिंबूचं लिंबाचंच होतं ना? लिंबाचं लोणचं म्हणतो आपण. ते काय कडुलिंबाचं असतं?”

बरोबर आहे त्याचं. मी भाषेवर पोट भरते आणि हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. आमच्या गावी तो लिंब म्हणजे कडुलिंब, ते लिंबू म्हणजे आंबट फळ. पण पुढे प्रत्यय लागला की दोघंही ‘लिंबा’ होतात आणि मग कोण कुठला ते पुढचा शब्द सांगतो. लिंबाची काडी म्हटलं तर दात घासायची, म्हणजे कडुलिंब. लिंबाची फोड पानात वाढतात, म्हणजे लिंबू. लिंबाच्या सावलीत पार असतो, म्हाताऱ्या माणसांच्या गप्पा असतात. लिंबूच्या झाडाखाली कोण बसणार, वाकून आत शिरायलाच अंग सोलून निघतं. लिंबाचं तेल कडू, लिंबाचं सरबत गोड. लिंबाचा रस वर्षभर आंबट आणि पाडव्याच्या सकाळी कडू. नुसतं लिंबाचं झाड म्हटलं, तर मात्र सांगणाऱ्याचं गाव कुठलं ते आधी विचारावं लागतं.

संस्कृतात निम्ब म्हणजे कडुलिंब. त्याच्या ‘न’चा मराठीत ‘ल’ झाला, नवनीताचं लोणी झालं तसा. निंबूचंही आपण लिंबू केलं. फळाला मात्र जुना ‘न’ चिकटून राहिला, म्हणून कडुलिंबाची ती निंबोळी. आणि दृष्ट काढताना लिंबलोण उतरवतात ना, त्यातही लिंबू नाही. लिंब म्हणजे कडुलिंबाचा पाला, लोण म्हणजे मीठ. हे मला लग्नानंतर कळलं. तोवर मी लिंबलोण म्हणजे लिंबूचं लोणचं उतरवून टाकतात असं समजत होते, आणि लोणचं वाया घालवणाऱ्यांचा मला मनातून राग होता.

सासूबाई मूळच्या यवतमाळच्या. त्यांनी या घोळात तिसरा लिंब आणला. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या, “फोडणीत गोडलिंब टाक गं.” मी ओट्यापाशी उभी. तेल तापलंय, मोहरी तडतडतेय, आणि मी फ्रिजमध्ये गोड लिंबू शोधतेय. मोसंबी दिसली, ती घेऊन वळले. त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा मोसंबीकडे पाहिलं आणि माझ्या हाताशी पडलेला कढीपत्ता उचलून फोडणीत टाकला. पान कडुलिंबासारखं दिसतं आणि कडू नाही, म्हणून गोडलिंब.

यात एक गंमत आहे, ती मला बाल्कनीतल्या कुंड्यांनी शिकवली. कढीपत्त्याला नाव मिळालं कडुलिंबाचं, पण कूळ लिंबूचं. वनस्पतिशास्त्रात कढीपत्ता आणि लिंबू एका घरातले, कडुलिंब वेगळ्या घरातला. माणसं पान बघून फसली. अळी फसत नाही. लिंबूवर अंडी घालणारं फुलपाखरू कढीपत्त्यावरही अंडी घालतं. माझ्या दोन्ही कुंड्यांत त्या अळ्या येतात. लहानपणी त्या थेट चिमणीच्या शिटेसारख्या दिसतात, काळपट, मध्ये पांढरा डाग. मोठ्या झाल्या की हिरव्यागार. काडीने टोचलं की डोक्यामागून नारिंगी रंगाची दोन शिंगं बाहेर काढतात आणि असा कुजका वास सोडतात की आपणच मागे सरतो. कडुलिंबाकडे त्या ढुंकूनही पाहत नाहीत.

चांदोबा ज्या निंबोणीच्या झाडामागे लपतो, ती कुठली निंबोणी यावरून आमच्या घरात दोन तट आहेत. आजी म्हणायची कडुलिंब. तिचा युक्तिवाद बिनतोड होता, “चंद्राला लपायचं तर झाड तेवढं मोठं नको का?” अण्णांचं म्हणणं, निंबोणी म्हणजे लिंबूचं झाड, दुसरं काही नाही. मी अण्णांच्या बाजूची, आणि त्याला कारण आहे. लाइट रात्रीची असायची तेव्हा अण्णा रात्री दारं धरायला जायचे, कधी कधी मलाही न्यायचे. मी बांधावर गोधडीत पडलेली असायची. अण्णा खोऱ्याने एका वाफ्याचं दार मोडून दुसऱ्यात पाणी सोडत. निजून पाहिलं की दहा फुटांचं झाडही आभाळाला टेकतं. चंद्र उगवताना खरोखर त्या झाडात अडकलेला असायचा, आणि पानांतून दिसणारी लिंबं नि तो, कुठलं काय ते पेंगुळल्यावर कळायचं नाही.

मला दोन मोठे भाऊ, त्यामुळे लहानपणभर मी लिंबूटिंबू. हा शब्द ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. खेळात एक बारकं पोर असतं, त्याला घेतलं नाही तर ते रडून आईला बोलावतं, घेतलं तर खेळ बिघडवतं. म्हणून त्याला घ्यायचं, पण धरायचं नाही. ते आउट झालं तरी आउट नाही, त्याच्यावर राज्य येत नाही. शहरात याला कच्चा लिंबू म्हणतात असं नवरा सांगतो. दोन वर्षं मला वाटत होतं की मी लपाछपीत फार हुशार आहे, कधीच सापडत नाही. मग एकदा कडब्याच्या गंजीमागे बसल्या बसल्या मी थोरल्याला बोलताना ऐकलं, “ती तिकडं बसलीय, दिसतीय, असू दे, लिंबूटिंबू आहे.” मी बाहेर आले आणि सरळ घरी गेले. पुढे बरेच दिवस लिंबू पिळलेलं वरण खाल्लं नाही. लिंबूवर राग काढण्यात काही अर्थ नव्हता, पण भावांवर काढायची ताकद नव्हती.

त्याच थोरल्याचा मुलगा आता डॅलसला असतो. दोन वर्षांपूर्वी त्याने जुनी गाडी घेतली. महिन्याभरात गिअर अडकायला लागला. व्हिडिओ कॉलवर मला म्हणाला, “आत्या, गाडी लेमन निघाली.” तिकडे वरून ठीक आणि आतून भंगार अशा गाडीला लेमन म्हणतात. अण्णा शेजारीच बसले होते, त्यांना एवढंच कळलं की गाडी आणि लिंबू यांचं काहीतरी बोलणं चाललंय. “चाकाखाली लिंबू ठेवलं होतंस का?” “ठेवलं होतं आबा, चारही चाकांखाली. इंडियन स्टोअरमधून आणून.” “कागदी का?” “हो, इथं लाइम म्हणतात त्याला.” अण्णा म्हणाले, “बघ. लाइम ठेवलंस, म्हणून लेमन निघाली.” आमच्या अण्णांना इंग्रजीत विनोद जमला हे त्यांनाच खरं वाटेना, ते चार दिवस गावभर सांगत होते.

या लेमन गाड्यांवर जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अर्थतज्ज्ञाने 1970 मध्ये एक शोधनिबंध लिहिला, आणि 2001 मध्ये त्यांना नोबेल मिळालं त्यात या कामाचा मोठा वाटा. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. जुनी गाडी आतून कशी आहे ते विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा मधलाच भाव बोलतो. त्या भावात चांगली गाडी विकणं परवडत नाही, चांगलीवाले बाजारातून निघून जातात आणि उरतं ते भंगार.

वाचून मी खुर्चीतून उठलेच. अहो, हे आमच्या घरी झालेलं आहे, आणि गाड्यांचं नाही, लिंबांचं!

आमचा माल टेंपोने पुण्याच्या मार्केटयार्डात जायचा. संध्याकाळी ओट्यावर लिंबाचा ढीग, भोवती आम्ही तिघं आणि आई. मोठं वेगळं, मध्यम वेगळं, खैऱ्यावालं वेगळं. खैऱ्या म्हणजे सालीवर उठणारे तपकिरी, खरबरीत, खपलीसारखे डाग. आत रसाला काही होत नाही, पण भाव निम्म्यावर येतो. अण्णांचा नियम, गोणीच्या तोंडाला जे तेच तळाला. हा नियम सगळ्यांचा नव्हता. आजूबाजूला बरेच जण तळाला खैऱ्या, मध्ये बारीक आणि तोंडाला आरशासारखा माल लावायचे. घेणाऱ्याला गोणी तळापर्यंत उपसून बघायला कुठे वेळ? त्याने सगळ्यांचंच तळ वाईट धरलं. मार्केटातून विक्रीच्या हिशेबाची पट्टी आली की अण्णा ती दोनदा वाचायचे. आमच्या नीट निवडलेल्या गोणीला आणि शेजाऱ्याच्या सजवलेल्या गोणीला तोच भाव.

एक हंगाम त्यांनी सोसलं. मग चांगला माल पुण्याला पाठवणंच बंद केलं. तो घेऊन काष्टीच्या बाजारात स्वतः बसायला लागले, पोतं अंथरून, लिंबाचे ढीग लावून. गिऱ्हाईक लिंबू हातात घेऊन दाबून बघू शकायचं. पुण्याला जायचा तो फक्त खैऱ्या. अकरलॉफ यांना गाड्यांच्या बाजारात जे दिसलं, ते आमच्या अण्णांनी सातवी शिकून करून दाखवलं होतं, आणि मालही अस्सल लिंबूचाच! हे मी त्यांना फोनवर समजावून सांगितलं. नोबेलचं ऐकून थोडा वेळ गप्प राहिले. म्हणाले, “किती पैसे मिळाले म्हणायचे त्यांना?”

दृष्टीच्या लिंबूबद्दल अण्णांचं मत सरळ आहे. आमच्या गावी शाळेत अंधश्रद्धा निर्मूलनवाले येऊन गेले होते. सुरीच्या पात्याला जास्वंद चोळून वाळवायची, मग त्या सुरीने लिंबू कापलं की लाल रस गळतो आणि लोक करणीचं रक्त म्हणून घाबरतात, असं त्यांनी समोर करून दाखवलं. अण्णांना सगळं पटलं. घरी येऊन आजीला कापूनही दाखवलं. पण दर शनिवारी दुकानांच्या दारावर बिब्बा-मिरच्यांबरोबर जे एक लिंबू लटकतं, दसऱ्याला गाड्यांखाली जी चिरडतात, त्याला त्यांचा विरोध नाही. “खाणारं गिऱ्हाईक अर्धं लिंबू पुरवून पुरवून वापरतं. भिणारं गिऱ्हाईक चार घेतं आणि खातही नाही.” 2022 च्या एप्रिलमध्ये पुण्यात एक लिंबू दहा रुपयांना झालं होतं, तेव्हा माझ्या कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दारावर तीन आठवडे तेच जुनं, काळं पडलेलं लिंबू लटकत होतं. बाधा परवडली असेल त्याला.

लेबलाचं म्हणाल तर शेवटी लेमनच छापलं. मीही फार ताणलं नाही, चित्राच्या मानाने ते बरोबरच होतं. खाली बारीक अक्षरात घटकांच्या यादीत ‘सुगंध’ एवढंच आहे. लिंबूही नाही, लेमनही नाही.

मागच्या पावसाळ्यात अण्णा आले होते. येताना बागेतली लिंबं आणली, त्यातल्या एका लिंबाच्या बिया मी कुंडीत टोचल्या होत्या. एका बीतून तीन कोंब आले. मला वाटलं चुकून तीन बिया पडल्या. अण्णा म्हणाले, “कागदी आहे, एका बीत दोन-तीन असतातच.” चष्मा काढून कुंडीवर वाकले. त्यातले जोमदार असतात ते हुबेहूब आईवर जातात, तेच ठेवायचे. एखादं मागे पडलेलं, बारकं असतं, ते वेगळंच काहीतरी निघतं, फळ कसं येईल सांगता येत नाही. रोपवाटिकेत ते उपटून टाकतात. त्यांनी बोट लावून दाखवलं, “हे काढ. लिंबूटिंबू आहे.”

मी काढलं नाही. वेगळ्या कुंडीत लावलं. आज सकाळी त्याला अकरा पानं होती. त्यातल्या सगळ्यात कोवळ्या पानावर चिमणीची शीट पडलीय म्हणून पुसायला गेले, तर ती सरकली.